खेड्यात राहून मुलांना घरीच शिकवणं : विदर्भात कोणी केलंय का?

कास्तकारीण | ११ जून, रात्री ९.४२

पुण्या-मुंबईत घरी शिकणाऱ्या मुलांबद्दल बरंच वाचायला मिळतं. दारव्हा तालुक्यातल्या हजार-बाराशे वस्तीच्या गावात हे जमतं का? कोणी करून पाहिलंय का?

आमच्या गावात जिल्हा परिषदेची शाळा चौथीपर्यंत आहे. पट विसाच्या मागेपुढे. दोन शिक्षक, त्यातले एक कायम बाहेरच्या कामावर. कधी मतदार यादी, कधी प्रशिक्षण, कधी नुसती माहिती भरायला पंचायत समितीत. मोठीची चौथी झाली. पाचवीसाठी एक तर सकाळच्या एसटीने तालुक्याला पाठवा, नाहीतर कॉन्व्हेंटच्या व्हॅनमध्ये बसवा. नाल्याला पूर असला की व्हॅन येत नाही, फी मात्र पूर्ण घेतात. धाकटा यंदा दुसरीत जाईल.

मी बीएस्सी झाले आहे, नवऱ्याची कृषी पदविका आहे. वावर घरापासून हाकेच्या अंतरावर. गावातली आणखी तीन घरं तयार आहेत. सगळी मिळून सहा-सात मुलं सकाळी तीन तास आमच्या छपरीत बसवायची, विषय आम्ही मोठ्यांनी वाटून घ्यायचे, असं डोक्यात आहे.

"मुलं चारचौघांत मिसळणार कशी" हे कृपया कोणी विचारू नका. आमच्या गावात मूल न मिसळता राहूच शकत नाही. कागदपत्रं, खर्च, अडचणी यावर सांगा.

वऱ्हाडी_झटका | ११ जून, रात्री १०.०५

ताई, पयले घरच्या म्हाताऱ्याले इचारलं का? आमच्या इकडे पोट्टं दोन दिवस शाळेत नाई दिसलं त आखं गाव इचारते, काहून, ताप आला काय? तुमी त सालभर घरी ठेवून राह्यल्या. डॉक्टरच आणतीन लोकं घरी.

रेवा७ | ११ जून, रात्री ११.३०

आम्ही पुण्यात करतोय. मुलगा कधीच शाळेत गेला नाही, आता बारा वर्षांचा आहे. अनुभवातून सांगते: सकाळी तीन तास छपरीत बसवणार, विषय वाटून घेणार, म्हणजे तुम्ही शाळाच घरी आणताय. सुरुवातीला मीही वेळापत्रक भिंतीवर लावलं होतं, ते फार टिकलं नाही. मूल घरी राहिलं की त्याचं शिकणं दिवसभर पसरतं, तासांत मावत नाही. तुमच्याकडे तर शेत आहे. तुरीच्या दाण्यांवर गुणाकार होतो, फवारणीच्या पंपावर गुणोत्तर होतं. पंधरा लिटरच्या पंपात किती मिली औषध, हे ज्या मुलीने मोजलंय तिला प्रमाण वेगळं शिकवावं लागत नाही.

परीक्षेची काळजी आत्ता नको. एनआयओएसमधून, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून, चौदा वर्षं पूर्ण झाली की दहावीला बसता येतं.

अचलपूरचा_वकील | १२ जून, सकाळी ७.१५

कायदा थोडक्यात. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून, ६ ते १४ वयासाठी. कलम १० म्हणतं की मुलाला शेजारच्या शाळेत दाखल करणं हे पालकाचं कर्तव्य आहे. ते पाळलं नाही म्हणून पालकाला दंड किंवा शिक्षा मात्र या कायद्यात कुठेही नाही. त्यामुळे घरी शिकवणाऱ्याला पोलीस धरतात ही भीती काढून टाका. उद्या मन बदललं तर कलम ४ प्रमाणे मुलाला वयानुरूप वर्गात थेट प्रवेश मिळतो. जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, ते कलम १४.

तुमची अडचण दुसरीकडे आहे. स्वतःची दोन मुलं घरी शिकवणं वेगळं. चार घरांची मुलं ठरलेल्या जागी ठरलेल्या वेळी रोज बसवली, वर पैसे घेतले, तर कोणीतरी त्याला विनामान्यता शाळा म्हणू शकतो. कलम १८ मध्ये त्याला एक लाखापर्यंत दंड आहे, पुढे चालू ठेवली तर दिवसाला दहा हजारांपर्यंत. तुम्ही शाळा चालवताय असं मी म्हणत नाही. पण गावात तुमच्या धुऱ्याला लागून ज्याचं वावर आहे आणि ज्याच्याशी बांधावरून वाद आहे, तो म्हणेल. फी घेऊ नका, फलक लावू नका, शाळा हा शब्द तोंडात आणू नका.

वऱ्हाडी_झटका | १२ जून, सकाळी ७.४०

वकीलसाहेब, धुऱ्याचं कसं ओयखलं तुमी? माह्या केसचे कागद वाचले काय?

गुरुजी_बदलीपात्र | १२ जून, दुपारी १.२०

मी यवतमाळ जिल्ह्यातलाच प्राथमिक शिक्षक आहे. तालुका सांगत नाही, कारण आमच्या खात्यात सगळे सगळ्यांना ओळखतात.

ताई, तुमचा राग खरा आहे. मतदार यादीच्या कामावर जाणारा "एक शिक्षक" अनेकदा मीच असतो. पण एक हिशेब तुमच्या लक्षात आला नसेल म्हणून मांडतो. शाळेत साठपर्यंत मुलं असतील तर दोन शिक्षक, ही कायद्यातली गोष्ट. प्रत्यक्षात पदं संच मान्यतेत, म्हणजे शाळेला किती शिक्षक द्यायचे त्या सरकारी मंजुरीत ठरतात, आणि ती पटावर चालते. विसाच्या आतल्या शाळा कायम टांगणीला. त्या जवळच्या मोठ्या शाळेत मिसळून समूह शाळा करायचा विषय २०२३ मध्ये आला तेव्हा गावोगाव काय धाकधूक होती ते आम्ही पाहिलंय. तुमच्या चार घरांतली पहिली ते चौथीची पोरं काढली की पट पंधरा-सोळावर येईल. मग आमच्यातला एकजण अतिरिक्त ठरणार. उरलेल्या एकट्याने चार वर्ग सांभाळायचे, आणि तो मतदार यादीला गेला की शाळेला कुलूप.

उरलेल्या पोरांचे मायबाप कोण, तर मजुरीवर जाणारे. ते काही छपरीत वर्ग घेणार नाहीत.

दुसरं. शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाला आम्हीच घरोघर फिरतो. तुमच्या घरी आलो तर तुम्ही पुस्तकं दाखवाल, चहा द्याल, मी चहा पिऊन निघेन. शेवटच्या गल्लीत मजुराची पोरगी घरी दिसली की तिचं नाव यादीत चढतं आणि तिच्या बापाला दोन शब्द ऐकवले जातात. दोघी घरीच आहेत, दोघी वावरात जातात. हा फरक मला खुपतो, एवढंच.

कास्तकारीण | १२ जून, दुपारी २.०५

गुरुजी, पट टिकवणं ही माझ्या दहा वर्षांच्या मुलीची जबाबदारी कशी झाली? तिची चौथी झाली, ती तुमच्या पटावर आता नाहीच. आणि शाळेत पाठवायचं ते कोणाचं तरी पद वाचावं म्हणून, हे मला पटत नाही. शिक्षक वर्गात असते तर मी हा प्रश्न विचारलाच नसता.

गुरुजी_बदलीपात्र | १२ जून, दुपारी २.११

मुलीची नाही. पण धाकट्याची आहे, आणि त्या तीन घरांची आहे. तुम्ही "आमच्या गावात" असं लिहिलंत म्हणून गावाचा हिशेब मांडला.

सेवाग्रामकर | १२ जून, सायंकाळी ६.५०

विदर्भात हा प्रश्न नवा असल्यासारखं बोलतोय आपण. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्यातच शिक्षण परिषद भरली होती, गांधीजी अध्यक्ष. त्यातून झाकीर हुसेन यांची समिती झाली आणि नई तालीम उभी राहिली. सात वर्षं मोफत शिक्षण, मातृभाषेतून, हातच्या उद्योगाभोवती. सूतकताई, शेती, स्वयंपाक, सफाई, आणि त्यातून गणित, भूगोल, विज्ञान. सेवाग्रामला आर्यनायकम दांपत्याने ते वर्षानुवर्षं चालवलं. डॉ. अभय बंग त्याच शाळेत शिकले. मधे ती शाळा बंद पडली, २००५ पासून आनंद निकेतन म्हणून पुन्हा सुरू आहे. मुलं वाफे करतात, रांधतात, हिशेब ठेवतात.

यातली गंमत बघा. रेवाताई पंपाच्या गुणोत्तराचं सांगताहेत ते नई तालीमच आहे, पण ती घरात नव्हती, सगळ्यांची मिळून होती. दारव्ह्याहून वर्धा काही फार लांब नाही. एकदा परवानगी काढून बघून या, वर्ग कसे चालतात ते.

वऱ्हाडी_झटका | १२ जून, सायंकाळी ७.०२

माह्या आज्याच्या शाळेत टकळी व्हती. तो म्हने, सूत कमी निंघालं की गुर्जी मारे, अन् जास्त निंघालं की बापाले वाटे पोट्टं आता कमावते, शाळा सोडवा.

मिहानवाला | १२ जून, रात्री १०.४८

मी वाशीम जिल्ह्यातल्या गावातून आलो, आता नागपुरात नोकरी करतो. सगळे मातीतलं शिक्षण म्हणून भारावलेत, मला ते पटत नाही. मला गावातून बाहेर काढलं ते शाळेनं आणि स्पर्धेनं. चौथीची शिष्यवृत्ती, मग नवोदय, म्हणजे केंद्राची मोफत निवासी शाळा. देशातल्या पहिल्या दोन नवोदयांपैकी एक आपल्या अमरावतीचं. नवोदयच्या परीक्षेला बसायला त्याच जिल्ह्यातल्या मान्यताप्राप्त शाळेत पाचवीत शिकत असावं लागतं. मुलगी यंदाच पाचवीत येणार आहे, म्हणजे हेच वर्ष महत्त्वाचं. घरी बसवली की तो दरवाजा बंद. आठवीला एनएमएमएस, म्हणजे गरीब घरच्या मुलांसाठीची केंद्राची शिष्यवृत्ती, तीही शाळेतूनच. कास्तकाराच्या पोरांना फुकटात वर जायच्या ज्या शिड्या आहेत त्या सगळ्या शाळेच्या भिंतीला टेकवून ठेवल्यात.

पुण्यातल्या मुलाचं काही बिघडलं तर आईबाप सावरून घेतील. आपल्याकडे एक वर्ष बोंडअळी आली की सगळी गणितं बदलतात.

रेवा७ | १२ जून, रात्री ११.१०

@मिहानवाला, सगळ्यांनी नवोदयला जायचं ठरवलंय का? एका जिल्ह्यात जागा ८०. उरलेल्यांचं काय?

मिहानवाला | १२ जून, रात्री ११.१४

उरलेल्यांनी निदान फॉर्म तरी भरावा की नाही?

पोडावरून | १३ जून, सकाळी ६.३०

मी झरी जामणी तालुक्यातला, कोलाम. आमच्या पोडावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीवर, पोरं पहिलीत जातात तेव्हा घरची भाषा कोलामी, पुस्तक मराठी. बाई चांगल्या असल्या तरी पहिले सहा महिने पोरं नुसती बघत बसतात. माझं तसंच झालं.

आमच्याकडे घरी शिकणं शाळेच्या आधीपासून आहे. कोणता कंद खायचा, कोणता नाही, मोहफूल कधी वेचायचं, पाऊस कुठून येतो, हे आजीनं शिकवलं. पण आजीला सातबारा वाचता येत नव्हता. आमची जमीन गेली ती त्या कागदावर. म्हणून माझी पोरगी शाळेत जाते, आणि संध्याकाळी आजीसोबत रानात जाते. दोन्ही लागतं.

ताई, तुम्हाला वाचता येतं म्हणून तुम्ही शाळा सोडायचा विचार करू शकता. वाईट वाटून घेऊ नका.

कास्तकारीण | १३ जून, सकाळी ८.२०

वाईट नाही वाटलं. उलट हे आधी कोणीतरी सांगायला हवं होतं.

तात्या_कारंजा | १३ जून, सकाळी ११.००

आता मुद्द्याचं बोलतो. दाखल खारीज, म्हणजे शाळेत दाखल झालेल्या आणि शाळा सोडलेल्या मुलांची नोंदवही!

कोणी बोललं नाही याचं आश्चर्य वाटतं. नातवाच्या जातपडताळणीसाठी गेली कित्येक महिने फिरतोय. ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, एससीला १० ऑगस्ट १९५०, एसटीला ६ सप्टेंबर १९५०, भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१. एवढा जुना कागद गरिबाच्या घरी कुठून असणार? मिळाला तर जुन्या शाळेच्या दाखल खारीज रजिस्टरात. माझ्या बापाची नोंद अशीच मिळाली, पानाचा कोपरा उंदरानं खाल्लेला, पण जातीचा रकाना शाबूत. हेडमास्तरानं कपाटाची किल्ली शोधायलाच एक दिवस घेतला.

तुमच्या मुलीची नोंद पहिलीपासून आहे, तिचं भागेल. पण कधीच शाळेत न गेलेल्या पोराच्या नातवाचं काय? सगळं वडिलांच्या कागदावर आणि जन्मनोंदीवर टेकवावं लागेल. धाकट्याचं नाव शाळेतून काढताना दाखल्यावर जात-पोटजात, जन्मतारीख, आईचं नाव अक्षर न् अक्षर तपासून घ्या. एक वेलांटी चुकली तर पुढं प्रतिज्ञापत्रं करत बसाल.

वऱ्हाडी_झटका | १३ जून, सकाळी ११.०९

तात्या, माह्या दाखल्यावर गुर्जीनं जन्मतारीख १ जुलै टाकली. माह्या भावाची बी १ जुलै. बहिणीची बी. आमची माय काय एकाच दिवशी...

गुरुजी_बदलीपात्र | १३ जून, सकाळी ११.३०

अर्ध्या महाराष्ट्राचा वाढदिवस आमच्या खात्यानं ठरवलाय. त्या बदल्यात आम्हाला केक कोणी देत नाही.

तात्या_कारंजा | १३ जून, दुपारी १२.१५

विषय निघालाच आहे तर, विदर्भातल्या शाळा यंदा नेमक्या कधी उघडणार? नातू रोज विचारतो. बाकी महाराष्ट्रात जूनच्या मध्यावर उघडतात, आपल्याकडे उन्हामुळे उशिरा.

गुरुजी_बदलीपात्र | १३ जून, दुपारी १२.२०

परिपत्रक बघून कळवतो. नातवाला सांगा, अजून आठवडाभर तरी खेळ.

निंबोणी | १३ जून, दुपारी ४.४०

मी एनआयओएसमधून दहावी केली आहे. वणीजवळ राहते. घरच्या कारणानं आठवीनंतर शाळा सुटली होती. रेवाताई म्हणतात तसं चौदा पूर्ण झाले की बसता येतं, हे बरोबर. पण खेड्यातून करताना काय होतं ते सांगते.

पाच विषय, निदान एक भाषा. वर्षातून दोनदा परीक्षा, नोंदणी पाच वर्षं चालते, त्यात नऊ संधी. हे फार सोयीचं, एकेक विषय सोडवत गेले. त्रास झाला तो बाकीच्या गोष्टींचा. टीएमए म्हणून लिहून द्यायचं काम असतं, त्याला वीस टक्के गुण. ते अपलोड करायला मी कापसाच्या गंजीवर चढून रेंज शोधली आहे. केंद्र दूरच्या शहरात, प्रॅक्टिकल वेगळ्या दिवशी, म्हणजे एसटीचे खेटे आणि नातेवाइकांकडे मुक्काम. अकरावीच्या वेळी कॉलेजच्या बाबूला हे प्रमाणपत्र चालतं हे समजावण्यात वडिलांचा वेळ गेला. आता २०२५ पासून अकरावी राज्यभर ऑनलाइन झाली आहे, त्यामुळे बाबूशी वाद कमी होत असावेत.

आठवीच्या आत एनआयओएसचे अ, ब, क असे टप्पे आहेत, तिसरी, पाचवी आणि आठवीला समकक्ष. राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाचीही पाचवी, आठवी, दहावी, बारावी आहे. शिवाय शाळेत न जाता बोर्डाच्या दहावी-बारावीला बसायचा १७ नंबरचा फॉर्म सगळ्यांना माहीत आहेच.

अभ्यासाचं एक सांगते. मी एकटीनं केलं. कोणी "तुला कळलं का" विचारायला नव्हतं. कास्तकारीण ताईंच्या मुलीला ते असेल, तेव्हा तिचं माझ्यापेक्षा बरं होईल.

अंगणवाडीताई | १३ जून, रात्री ८.३०

सगळं वाचलं. मी नेर तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे. ताई, ती तीन घरं कोणती? म्हणजे नावं नकोत. त्यांच्यात किती मुली, आणि त्यांच्या माया दिवसा घरी असतात का?

हे विचारते कारण आमच्या इकडे दिवाळीच्या आसपास कापूस फुटला की शाळेतली हजेरी घसरते. तरी शाळेत नाव आहे म्हणून मास्तर घरी येतो, विचारतो, चार दिवसांनी पोरगी परत जाते. नावच नसेल तर कोण विचारणार? पोरगी "घरी आहे" म्हटलं की तिच्या कडेवर लहान भाऊ येतोच. वर वेचणीचे पैसे किलोवर, म्हणजे चार हात जास्त तर तेवढा कापूस जास्त. तुमच्या मुलीचे तीन तास तुम्ही राखाल. त्या मुलींचे कोण राखणार?

आणि दुपारचं जेवण. शाळेत शंभर ग्रॅम तांदळाचा भात-वरण मिळतो, मोठ्यांना दीडशे. तुमच्या घरी त्याची गरज नसेल. त्या घरी आहे का ते बघा.

कास्तकारीण | १४ जून, रात्री ९.१५

अंगणवाडीताई, तुमच्या प्रश्नावर दिवसभर घरात बोलणं झालं. तीनपैकी एक घर आमच्यासारखंच, बाई शिकलेली, दिवसा घरी. दुसऱ्या घरी दोन मुली आणि एक तान्हं, आई मजुरीला जाते. तिला मी सरळ विचारलं. ती म्हणाली, "शाळेत गेली तर संध्याकाळीच येते, तुमच्याकडं आली तर अकराला मोकळी होईल ना?" मला वाटलं होतं ती अभ्यासासाठी तयार झाली. तिसऱ्या घरच्या आजोबांना फक्त व्हॅनची फी वाचवायची आहे.

तेव्हा धाकट्याला शाळेतून काढत नाही. त्या दोन मुलींनाही काढू देत नाही. मोठीचं अजून ठरत नाही. एसटीनं पाठवायची माझी तयारी नाहीये, पण मिहानवाल्यांचं नवोदयचं म्हणणं डोक्यातून जात नाही.

रेवा७ | १४ जून, रात्री ९.५०

तुमच्या एका मुलीला घरी शिकवायला गावातल्या सगळ्यांची संमती कशाला हवी? मला या धाग्यात हेच खटकतंय. सगळ्यांनी मिळून तुमच्यावर शाळेचं ओझं टाकलं.

पोडावरून | १४ जून, रात्री १०.०५

गावात तसंच असतं ताई. फायदे पण तसेच येतात.

गुरुजी_बदलीपात्र | १५ जून, सकाळी ७.००

कास्तकारीण ताई, परवा भांडलो म्हणून आज कामाचं सांगतो.

राज्याच्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवी एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवी तीन किलोमीटरच्या आत हवी. तुमच्या गावात पाचवी नाही आणि तालुका लांब आहे, तर चौथीच्या शाळेला पाचवीचा वर्ग जोडून मागा. मोठी गावातच शिकेल, मान्यताप्राप्त शाळेत पाचवीत असेल म्हणजे नवोदयचा फॉर्म भरता येईल, आणि शाळेचा पट वाढेल. माझा स्वार्थ लपवत नाही.

मागणी शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावानं करा. या समितीत पाऊणपेक्षा कमी पालक असूच शकत नाहीत, आणि निम्म्या महिला हव्यात. कागदावर तुमच्या गावातही असतील. बहुतेक ठिकाणी सह्या मास्तर घरी जाऊन आणतो, बैठक होत नाही. यंदा बैठक घ्यायला लावा. मतदार यादीच्या कामाबद्दलही तिथंच विचारा, मुख्याध्यापकांना वर लेखी कळवायला कारण मिळतं.

आणि छपरी बंद करू नका. शाळा सुटल्यावर बसवा. त्या दोन मुली तान्ह्याला घेऊन आल्या तरी चालेल म्हणा.

अचलपूरचा_वकील | १५ जून, सकाळी ७.२५

शाळा सुटल्यावर बसवली तर कलम १८ चा प्रश्नच येत नाही. फी मात्र तरीही घेऊ नका.

रेवा७ | १५ जून, सकाळी ९.१०

म्हणजे शेवटी शाळेतच. असो. पाचवीचा वर्ग मंजूर झाला नाही तर मला विचारा, अभ्यासक्रम नसलेलं एक वर्ष कसं घालवायचं ते सांगेन. मनापासून म्हणतेय.

कास्तकारीण | १५ जून, रात्री ८.४०

रेवाताई, नक्की विचारेन. कदाचित लागेलच. समितीची यादी बघितली, सदस्यांत माझंही नाव निघालं! सही माझ्यासारखीच आहे, पण माझी नाही. शाळा उघडायच्या आत बैठक लावायला सांगितलं आहे. पाचवीला पाच मुलं होताहेत. गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज कसा द्यायचा, केंद्रप्रमुखांमार्फत की थेट?

गुरुजी_बदलीपात्र | १५ जून, रात्री ९.०५

केंद्रप्रमुखांमार्फत एक, थेट एक. ठरावाची नक्कल आणि मुलांची यादी जोडा. बाबू म्हणेल टेबलावर ठेवून जा. ठेवू नका. आवक क्रमांक टाकून शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय खुर्ची सोडू नका.

वऱ्हाडी_झटका | १५ जून, रात्री ९.१२

अन् संगं तात्याले न्या. खुर्ची न सोडायची सवय आहे त्याईले, पडताळणीच्या हापिसातली.